खोकल्याचं औषध, रात्रपाळी आणि गुरुवारची सुट्टी



पावसाळा सरून थंडी पडायला लागली की आमच्या भागातल्या दवाखान्यांत खोकल्याचे पेशंट एकामागून एक येतात. आमच्या भागात म्हणजे पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या एमआयडीसीच्या पट्ट्यात. भोसरी, मोशी, तळवडे, म्हाळुंगे, खराबवाडी इथून येणाऱ्या माझ्या पेशंटांमध्ये कंपनीत जाणारे, त्यांतही कंत्राटी कामगार, बरेच असतात. त्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : "डॉक्टर, खोकला थांबेल असं स्ट्राँग काहीतरी द्या, आज रात्रपाळी आहे."

हे वाक्य ऐकलं की मला दोन गोष्टींची काळजी वाटते. पहिली, खोकला का येतोय हे कळायच्या आधीच तो थांबवायचा आहे. दुसरी, औषध घेऊन हा माणूस झोपायला जाणार नाही, मशीनवर उभा राहणार आहे. खोकला दाबणारी औषधं वाईट नाहीत, मी स्वतः ती लिहून देतो. पण ती कधी, कोणी आणि कशी घ्यायची हे बाटलीवरच्या बारीक अक्षरांतून कोणाला कळत नाही. म्हणून आज त्याविषयी सविस्तर लिहितो.

खोकला कशासाठी येतो?

घसा, श्वासनलिका आणि तिच्या फांद्यांच्या आतल्या अस्तरात चेतातंतूंची टोकं असतात. धूळ, धूर, कफ किंवा चुकून घशाखाली गेलेला अन्नाचा कण त्यांना लागला की ती मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाला खबर देतात. तिथून छातीच्या आणि पोटाच्या स्नायूंना हुकूम सुटतो, आणि हवा जोरात बाहेर फेकली जाते. फुफ्फुसाची ही राखण आहे. कफ भरलेला असताना ती बंद केली, तर कफ आतच साचतो आणि न्यूमोनियासारखं दुखणं वाढू शकतं.

पण सर्दी-तापानंतर कधीकधी कफ नसताना नुसती कोरडी ढास लागते. रात्र रात्र झोप नाही, बरगड्या दुखतात, खोकून खोकून उलटी होते. अशा खोकल्यात साफ करण्यासारखं काही उरलेलं नसतं. खोकला दाबणारी औषधं मुख्यतः या खोकल्यासाठी आहेत, आणि तीही थोडे दिवस.

दाबणारं औषध वेगळं, कफ पातळ करणारं वेगळं

बाजारात सगळ्यालाच "कफ सिरप" म्हणतात, पण बाटलीत वेगवेगळी औषधं असतात. ॲम्ब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन ही कफ पातळ करून बाहेर काढायला मदत करणारी. कोडीन, डेक्स्ट्रोमेथॉर्फन, लेव्होक्लोपेरास्टीन ही खोकला दाबणारी. बेन्झोनेटेट नावाची मऊ कॅप्सूलही असते, ती फुफ्फुसातल्या चेतातंतूंची टोकं बधिर करते. ती चिठ्ठीवर असेल तर अख्खी गिळायची. चघळली किंवा फोडली तर तोंड आणि घसा बधिर होऊन ठसका लागण्याचा, गुदमरण्याचा धोका असतो. लहान मुलाच्या हाती ती लागू देऊ नका, मुलांच्या जिवावर बेतलं आहे.

आता गंमत बघा. कफ सुटा करणारं आणि खोकला दाबणारं अशी दोन्ही औषधं एकाच बाटलीत घालून विकली जातात. एक म्हणतं कफ बाहेर काढ, दुसरं म्हणतं खोकू नको. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ संयुक्त औषधांवर बंदी घातली. त्यांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन, ब्रोमहेक्सिन आणि अमोनियम क्लोराइड यांचं मिश्रण होतं, तसंच क्लोरफेनिरामाइन, कोडीन आणि मेंथॉल यांचं सिरपही होतं. या मिश्रणांना वैद्यकीय आधार नाही आणि त्यांपासून धोका होऊ शकतो, असं कारण सरकारने दिलं. घरात जुनी बाटली पडली असेल तर तिच्यावरची नावं एकदा वाचून बघा.

"रात्री झोपताना" म्हणजे नक्की कधी?

खोकल्याच्या पुष्कळ सिरपांमध्ये क्लोरफेनिरामाइन किंवा डायफेनहायड्रामाइन हे ॲलर्जीचं औषध असतं. त्याने झोप येते. कोडीन तर अफूच्या कुळातलं. १८३२ साली फ्रान्समध्ये ते अफूपासून वेगळं काढलं गेलं, आणि शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग मॉर्फीनमध्ये बदलतो. गुंगी येणं, लक्ष न लागणं, हात मंदावणं हे या औषधांचे नेहमीचे परिणाम आहेत. क्लोरफेनिरामाइनची सुस्ती काहींना दुसऱ्या दिवशीही जाणवते.

चिठ्ठीवर आम्ही "१-०-१" लिहितो, म्हणजे सकाळी एक आणि रात्री एक. ऑफिसला जाणाऱ्याला ते बरोबर कळतं. पण रात्रपाळीवाल्याची रात्र सकाळी घरी पोचल्यावर सुरू होते. तो रात्री जेवून, सिरप घेऊन कंपनीच्या बसमध्ये बसतो. पहाटे दोन ते पाच या वेळात माणसाचं शरीर तसंही सर्वांत सुस्त असतं, आणि त्यात औषधाची भर पडते. समोर पॉवर प्रेस असतो, फोर्कलिफ्ट असतो, डोक्यावरून क्रेन जात असते. सेकंड शिफ्ट सुटल्यावर तळेगाव-चाकण रस्त्याने ट्रेलरांच्या मधून दुचाकी घरी न्यायची असेल, तर तो धोका वेगळाच.

म्हणून माझी तुम्हाला पहिली विनंती ही की, डॉक्टरांना तुमची शिफ्ट सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. "मी प्रेसवर आहे, या आठवड्यात थर्ड शिफ्ट आहे" एवढं सांगितलं की झोप न आणणारं औषध निवडता येतं, किंवा झोपायच्या वेळेनुसार डोस लिहिता येतो. नवीन औषधाचा पहिला डोस घरी, झोपायच्या आधी घ्या. तो आपल्याला किती चढतो हे कळल्याशिवाय मशीनवर किंवा गाडीवर बसू नका. झोपून उठल्यावरही डोकं जड वाटत असेल तर त्या दिवशी सुपरवायझरला सांगून हलकं काम मागा. एक दिवसाची हजेरी बुडणं परवडत नाही हे मला माहीत आहे, पण बोट गेलं तर ते परत येत नाही.

दारू, झोपेची गोळी आणि रूममधली एक बाटली

कोडीनसारखं औषध आणि दारू एकत्र झाली की दोघांचाही परिणाम मेंदूच्या त्याच भागावर होतो, जिथून श्वास चालतो. श्वास मंद होतो, आणि झोपेत असताना तो कोणाच्या लक्षातही येत नाही. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांबरोबरही हेच. जोरात घोरणाऱ्यांनी, झोपेत श्वास अडकणाऱ्यांनी आणि दमेकऱ्यांनी कोडीन स्वतःहून कधीच घेऊ नये.

चाकण, म्हाळुंगे भागात बाहेरगावची मुलं कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार-सहा जण, एकाला औषध लिहून दिलं की बाटली सगळ्यांची होते. कोडीनच्या बाबतीत हे फार धोक्याचं आहे. त्याचं मॉर्फीन करणारं एक विकर यकृतात असतं, आणि ते काहींच्या शरीरात जन्मतःच फार जोरात चालतं. एका माणसाला ज्या डोसने नुसतं बरं वाटलं, तेवढ्याच डोसने दुसऱ्याचा श्वास मंदावू शकतो. कोणाचं विकर कसं आहे हे माणसाकडे बघून कळत नाही.

कोणी खोकल्याचं औषध घेतल्यावर हलवूनही नीट जागा होत नसेल, श्वास अगदी सावकाश चालला असेल, ओठ निळसर दिसत असतील, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर "झोपू दे, उतरेल" असं म्हणू नका. १०८ ला फोन करा, त्याला कुशीवर ठेवा आणि औषधाची बाटली सोबत न्या.

गुरुवारी खोकला कसा असतो?

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगतो. आमच्या एमआयडीसीत बऱ्याच कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणून जुन्या खोकल्याच्या पेशंटला मी विचारतो, "गुरुवारी खोकला कसा असतो? गावाला गेलात की कसा असतो?"

पस्तिशीतला एक कामगार माझ्याकडे आला होता. पेंट शॉपमध्ये फवारणीचं काम. चार महिन्यांपासून कोरडा खोकला, शिफ्टनंतर संध्याकाळी वाढायचा, रात्री छातीत सूं-सूं आवाज यायचा. तोवर वेगवेगळ्या मेडिकलमधून तीन प्रकारची सिरप घेऊन झाली होती. प्रत्येक बाटलीने चार दिवस बरं वाटायचं. गुरुवारचं विचारल्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, "गुरुवारी कमीच असतो. दिवाळीला लातूरला आठ दिवस होतो, तेव्हा तर आलाच नाही. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी सुरू."

या उत्तराने दिशा मिळाली. गाड्यांच्या दोन घटकांच्या रंगात जो हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. फोमच्या कामातही ती असतात. काहींच्या श्वासनलिकांना त्यांची ॲलर्जी होते आणि दमा सुरू होतो. हा दमा पुष्कळदा काही तासांनी, म्हणजे घरी गेल्यावर त्रास देतो, म्हणून कामाशी त्याचा संबंध लक्षात येत नाही. सीएनसी मशीनच्या कूलंटचे तुषार, वेल्डिंगचा धूर, फाउंड्रीतली वाळूची धूळ यांचीही फुफ्फुसाला आपापली दुखणी आहेत.

त्याला फुंकर मारून श्वासाचा जोर मोजायचं छोटं यंत्र दिलं. कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी, दिवसातून चार वेळा आकडे लिहायला सांगितले. कामाच्या दिवसांचे आकडे खाली, गुरुवारचे वर. पुढे छातीच्या तज्ज्ञांकडे तपासणी झाली, इनहेलर सुरू झाला. खरी अडचण त्यानंतरची होती. "कंपनीला कळलं तर ब्रेक देतील, साहेब." त्याची भीती खोटी नव्हती, तो कंत्राटी होता आणि घरी दोन मुलं होती. बऱ्याच बोलण्यानंतर त्याने बदली मागितली आणि त्याला डिस्पॅचला काम मिळालं. खोकला पुष्कळ कमी झाला, इनहेलर मात्र अजून चालू आहे.

असा दमा लवकर ओळखून माणूस त्या रसायनापासून दूर गेला, तर बरा होण्याची शक्यता चांगली असते. वर्षानुवर्षं तिथेच राहिला, तर काम सोडल्यावरही दमा राहू शकतो. खोकला दाबणारं सिरप नेमकी ही मधली वेळ खाऊन टाकतं. नाकावर बांधलेला रुमाल किंवा साधा सर्जिकल मास्क ही वाफ अडवत नाही, हेही लक्षात ठेवा. कामगार विम्याच्या कायद्यात असा दमा व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. म्हणून तुमच्या विम्याच्या दवाखान्यात काय काम करता ते सांगा, केसपेपरवर लिहून घ्या आणि कागद जपून ठेवा.

दोन आठवड्यांची रेघ

साध्या सर्दीनंतरचा खोकला आठवड्यात जावा असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात तो सरासरी अडीच आठवड्यांच्या आसपास टिकतो. त्यामुळे दहाव्या दिवशी खोकला आहे म्हणून घाबरून आणखी स्ट्राँग औषध शोधू नका.

पण दोन आठवडे उलटले की थुंकीची तपासणी करायचीच. क्षयरोग, म्हणजे टीबी, आपल्याकडे आजही आहे, आणि दाटीने राहणाऱ्या, पाळ्या करून जेवणाखाण्याची आबाळ होणाऱ्या तरुणांत तो सहज लपतो. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि उपचार दोन्ही मोफत आहेत. बहुतेकांच्या तपासणीत काही निघत नाही, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. ज्याच्यात निघतं तो मात्र सिरप पीत राहिला, तर त्याच्याबरोबर त्याची खोलीही आजारी पडते.

थुंकीत रक्त, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, धाप लागणं, छातीत दुखणं यांपैकी काहीही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. त्याच दिवशी दाखवा.

आधीची औषधं सांगा

खोकल्यासाठी आलेला माणूस बीपीची गोळी सांगायला विसरतो. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या जातीच्या बीपीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला होतो. तिथे सिरपचा काही उपयोग नाही, गोळी बदलावी लागते. ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन, एस्सिटॅलोप्राम यांसारख्या गोळ्या चालू असतील, तर डेक्स्ट्रोमेथॉर्फनबरोबर त्यांची गाठ पडून घाम, थरथर, धडधड, गोंधळ, ताप असा गंभीर त्रास होऊ शकतो. हट्टी टीबीसाठी दिल्या जाणाऱ्या लिनेझोलिडबरोबरही हाच धोका आहे. प्रोस्टेट वाढलेल्यांना ॲलर्जीच्या औषधाने लघवी अडकू शकते. फेनिलेफ्रिन असलेल्या सिरपने बीपी वाढू शकतं. मधुमेह असेल तर साखर नसलेलं सिरप मागा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी कोणतंही सिरप विचारल्याशिवाय घेऊ नये. आईने घेतलेलं कोडीन दुधातून बाळापर्यंत जातं.

लहान मुलांना मोठ्यांचं सिरप नको

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची वीसहून अधिक मुलं एका सिरपने दगावली. त्यांतल्या कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारं विषारी रसायन सापडलं. तो दोष बनवण्यातला होता, खोकला दाबणाऱ्या औषधाचा नव्हता. पण त्याच वेळी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालच्यांना ती सहसा लागत नाहीत. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कोडीन तर अठरा वर्षांखाली कोणालाच नको, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये ठरवलं आहे.

एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा-एक चमचा मध, कोमट पाणी, पुरेसं दूध-पेज एवढ्यावर साधा खोकला निभतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मात्र देऊ नका. मूल भराभर श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा दूध पीत नसेल तर लगेच दवाखाना गाठा.

केमिस्टने नाव लिहून घेतलं तर रागावू नका

कोडीन हे औषधांच्या एच-१ या सूचीत येतं. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या नियमाप्रमाणे दुकानदाराला डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे वहीत लिहून तीन वर्षं जपावं लागतं. चिठ्ठी मागणारा केमिस्ट त्रास देत नाही, तो आपलं काम करतोय. चिठ्ठीशिवाय हसत हसत बाटली काढून देणाऱ्यापासून जरा जपूनच राहा. या औषधाची सवय लागते, आणि ती लागलेली तरुण मुलं मी पाहिली आहेत.

औषध बाटलीसोबतच्या मापानेच घ्या, स्वयंपाकघरातले चमचे लहान-मोठे असतात. दर पाच मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम औषध आहे हेही कंपनीगणिक बदलतं. डेक्स्ट्रोमेथॉर्फनची मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा १२० मिलिग्रॅम आहे. सर्दीची गोळी आणि खोकल्याचं सिरप या दोन्हींत ते असू शकतं, तेव्हा दोन्हींची नावं वाचा. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. उरलेली बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका आणि पुढच्या थंडीसाठी राखूनही ठेवू नका.

पुढच्या वेळी खोकल्यासाठी दवाखान्यात जाल तेव्हा चार गोष्टी आधीच मनाशी जुळवून जा : खोकला किती दिवसांचा, कफ आहे की कोरडा, काम काय आणि शिफ्ट कोणती, आणि सुट्टीच्या दिवशी तो कसा असतो. त्याबरोबर चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या. एवढं सांगितलंत तर पाच मिनिटांच्या तपासणीतही तुम्हाला योग्य ते औषध मिळेल, आणि कधीकधी औषधाची गरजच नाही हेही कळेल.

काळजी घ्या.